पाकिटाची पुढची बाजू

मी खाण्याच्या पाकिटांची आर्टवर्क तपासते. म्हणजे पाकीट छापायला जायच्या आधी त्यावरचा प्रत्येक शब्द, आकडा, चित्र, आणि त्या बारीकशा चांदणीखाली (*) लिहिलेली त्याहून बारीक ओळ, हे सगळं ज्या देशात माल जाणार तिथल्या नियमात बसतंय का ते बघायचं. हे काम सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, ते हाय प्रोटीन, लो फॅट, शुगर फ्री वगैरे सगळं खोटंच असतं ना? मी नाही म्हटलं की त्याचा जरा हिरमोड होतो. पण खरंच सांगते, धडधडीत खोटं फार कमी सापडतं. ते महागात पडतं आणि मुळात त्याची गरजच पडत नाही. एकही चुकीचा शब्द न छापता वाचणाऱ्याच्या मनात हवं ते चित्र उभं करता येतं. नियम शब्द तपासतात, मनातलं चित्र तपासणं त्यांना फारसं जमत नाही.

पाकिटाच्या दोन बाजूंचे दोन वेगळे मालक आहेत असं धरून चाला. मागची बाजू सरकारची. तिथे घटकांची यादी, पोषणाचा तक्ता, अ‍ॅलर्जीची सूचना, तारीख, पत्ता, काय लिहायचं आणि किती मिलिमीटरच्या अक्षरात लिहायचं तेसुद्धा ठरलेलं. पुढची बाजू कंपनीची. तिथे शेत, सूर्य, दुधाची धार, हसणारं कार्टून आणि क्लेम, म्हणजे हाय प्रोटीन, लो फॅटसारखे दावे. गेल्या चाळीसेक वर्षांत लेबलच्या कायद्यांमध्ये जे काही झालं ते बहुतेक सगळं या पुढच्या बाजूच्या ताब्यावरून झालेलं भांडण आहे असं माझं मत आहे.

भांडण कुठून सुरू झालं विचाराल तर मी १९८४ सांगेन. त्या वर्षी अमेरिकेत केलॉग्जने ऑल-ब्रॅनच्या खोक्यावर लिहिलं की जास्त फायबरचा आहार काही प्रकारच्या कॅन्सरचा धोका कमी करू शकतो, आणि हे स्वतःच्या मनाने नाही, चक्क नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या सोबतीने. तोवर तिथला नियम असा की खाण्याच्या वस्तूवर रोगाचं नाव आलं की ती वस्तू औषध धरायची, आणि औषध म्हटलं की मंजुरी आली. आता एफडीए, म्हणजे तिथलं अन्न आणि औषधांचं सरकारी खातं, कारवाई करणार कुणावर, सरकारचीच दुसरी संस्था कंपनीच्या शेजारी उभी! खप वाढला, बाकीच्यांनी बघितलं, आणि पुढची काही वर्षं ज्याला जे सुचेल ते त्याने खोक्यावर लिहिलं. शेवटी १९९० मध्ये न्यूट्रिशन लेबलिंग अँड एज्युकेशन अ‍ॅक्ट आला आणि १९९४ पासून ती काळ्या चौकटीतली न्यूट्रिशन फॅक्ट्सची पाटी जवळजवळ प्रत्येक पाकिटावर आली.

जगाचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांच्या एफएओ (अन्न आणि शेती) आणि डब्ल्यूएचओ (आरोग्य) या संघटनांनी १९६३ मध्ये मिळून सुरू केलेलं कोडेक्स आहे, म्हणजे खाण्याच्या वस्तूंचे जागतिक मापदंड ठरवणारं मंडळ. ते स्वतः कायदा करत नाही, पण त्यांच्या १९९७ च्या क्लेमच्या मार्गदर्शक सूचना उचलून कितीतरी देशांनी आपापले नियम बनवलेत. भारताचे २०१८ चे जाहिरात आणि क्लेमचे नियम वाचले तरी बरेचसे आकडे ओळखीचे वाटतात. लो फॅट म्हणायचं तर घन पदार्थात १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमपेक्षा जास्त फॅट नको, पातळ असेल तर १०० मिलिलिटरमागे दीड ग्रॅम. फॅट फ्री किंवा शुगर फ्री म्हणायचं तर अर्धा ग्रॅम. लो सोडियम १२० मिलिग्रॅम. फायबरचा सोर्स म्हणायला ३ ग्रॅम, हाय फायबर म्हणायला ६. म्हणजे फ्री लिहिलंय तिथे शून्यच असेल असं नाही हे पहिल्यांदा डोक्यात घ्या, फ्री म्हणजे एका ठरलेल्या रेषेच्या खाली.

आता ही रेषा कशी ओढली जाते त्यात खरी गंमत आहे. समजा एक प्रोटीन बार आहे, १०० ग्रॅममध्ये १८ ग्रॅम प्रोटीन आणि ४०० किलोकॅलरी. कोडेक्सच्या हिशेबात प्रोटीनची रोजची आधारभूत गरज ५० ग्रॅम, त्याच्या १० टक्के १०० ग्रॅममध्ये मिळालं की सोर्स आणि त्याच्या दुप्पट मिळालं की हाय. म्हणजे १० ग्रॅमलाच हाय प्रोटीन लागलं, आपल्याकडे तर १८ आहेत, मोठ्ठ्या अक्षरात छापा. तोच बार युरोपियन युनियनमध्ये पाठवायचा म्हटलं की हिशेबच बदलतो. तिथे वजन बघत नाहीत, एकूण ऊर्जेतला वाटा बघतात. १८ ग्रॅम प्रोटीनच्या ७२ किलोकॅलरी, ४०० पैकी ७२ म्हणजे १८ टक्के. सोर्स म्हणायला १२ टक्के पुरतात पण हाय म्हणायला २० लागतात. झालं, हाय गेलं आणि नुसतं सोर्स ऑफ प्रोटीन राहिलं. बार तोच, मशीन तेच, रॅपरवरचा शब्द वेगळा. आणि हे मीटिंगमध्ये सांगितलं की मार्केटिंगवाले माझ्याकडे असं बघतात जसं काही ते दोन टक्के मीच घरी नेऊन ठेवलेत. मग कुणीतरी विचारतं की थोडं तेल कमी केलं तर? केलं तर होईल, ऊर्जा कमी झाली की तोच १८ ग्रॅमचा वाटा वाढतो, ३६० किलोकॅलरीला आणला की बरोब्बर २० टक्के. असं होतं मग. आधी क्लेम ठरतो आणि त्याच्या मापाने रेसिपी कापली जाते.

तेच फायबरचं. बिस्किटात ५.६ ग्रॅम फायबर निघालं की हाय फायबर लिहिता येत नाही, मग जरासा कोंडा नाहीतर इन्युलिन नावाचं फायबर वाढवायचं की झालं सव्वासहा. साखर तिथेच, जागची हललेली नाही. १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम साखर असलेलं बिस्कीट हाय फायबर असू शकतं का? असू शकतं, कायदेशीर आहे, कारण नियम फायबरबद्दल विचारतो आणि फायबर भरपूर आहे.

हे भोक कायदे करणाऱ्यांना दिसलं नव्हतं असं मात्र नाही. युरोपचा २००६ चा १९२४ नंबरचा नियम आहे, क्लेमच्या बाबतीत जगातल्या सगळ्यात कडक नियमांपैकी एक, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की जानेवारी २००९ पर्यंत न्यूट्रिएंट प्रोफाइल ठरवायचे, म्हणजे साखर, मीठ, फॅट अमुक मर्यादेच्या वर असेल त्या पदार्थाने छातीठोकपणे आरोग्याच्या गप्पा मारायच्या नाहीत. ते प्रोफाइल अजून आलेले नाहीत. कुठला पदार्थ कुठल्या बाजूला पडणार यावरून देशादेशांत आणि कंपन्यांत जुंपली आणि ते कलम तिथेच लटकलंय. अमेरिकेत अर्धवट सोय आहे, फॅट, सॅच्युरेटेड फॅट, कोलेस्टेरॉल किंवा सोडियम ठरावीक आकड्याच्या वर गेलं तर क्लेमजवळ लिहावं लागतं की बाबा मागचा तक्ता बघ. पण त्या यादीत साखर नाही! साखर का नाही तर ते नियम लिहिले त्या काळात सगळ्यांचा एकच शत्रू होता, फॅट. प्रत्येक लेबल कायद्यावर तो लिहिला त्या काळातल्या भीतीचा शिक्का असतो आणि तो पुसायला पंचवीस-तीस वर्षं लागतात.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे हेल्दी हा शब्द. एफडीएने तो १९९० च्या दशकात बांधून दिला, फॅट कमी, सॅच्युरेटेड फॅट कमी, वगैरे. २०१५ मध्ये काइंड नावाच्या कंपनीला त्यांनी पत्र पाठवलं की तुमच्या काही बारवरचा हेल्दी शब्द काढा, सॅच्युरेटेड फॅट जास्त आहे. ते फॅट यायचं मुख्यतः बदाम-शेंगदाण्यांतून. त्याच व्याख्येत साखरेला मर्यादा नव्हती, त्यामुळे गोड सीरियल हेल्दी ठरू शकत होतं आणि बदाम, सॅल्मन मासा, अ‍ॅव्होकॅडो बाहेर. कंपनीने अर्ज केला, आरडाओरडा झाला, २०१६ मध्ये एफडीएने तो शब्द ठेवायला हरकत नाही म्हणून सांगितलं, आणि नवी व्याख्या यायला डिसेंबर २०२४ उजाडलं. आता अ‍ॅडेड शुगरलाही मर्यादा आहे आणि सुकामेवा आत आला.

आता शून्याकडे वळते, कारण लोकांना सगळ्यात जास्त फसवल्यासारखं तिथे वाटतं. अमेरिकेत तक्ता एका सर्विंगचा, म्हणजे एका वेळी खायच्या प्रमाणाचा असतो आणि सर्विंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी साखर किंवा फॅट असेल तर ० छापायची मुभा आहे, ५ पेक्षा कमी कॅलरी असतील तर त्याही ०. तिथल्या टिक टॅकची सर्विंग म्हणजे एक गोळी, ०.४९ ग्रॅम वजनाची. गोळी बहुतांश साखरच, पण अख्खी गोळीच अर्ध्या ग्रॅमची नाही तर साखर अर्धा ग्रॅम होणार कुठून, म्हणून ०. तव्यावर मारायचे तेलाचे स्प्रे बघा, डब्यात तेल असतं, पण सर्विंग म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाचा फवारा, त्यामुळे फॅट ० आणि कॅलरी ०. एवढ्या वेळात कुणाचं बोट बटणावरून उठतं ते मला एकदा बघायचंय.

गोळी आणि स्प्रे सोडून देऊ, हसण्यावारी नेऊ. ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला घातक ठरणारं फॅट, त्याच्या बाबतीत हे हसण्यासारखं नव्हतं. २००६ पासून अमेरिकेत ट्रान्स फॅट लिहिणं सक्तीचं झालं पण नियम तोच, सर्विंगला अर्ध्या ग्रॅमच्या आत असेल तर ०. एका सर्विंगमध्ये ०.४ ग्रॅम असेल आणि दिवसभरात अशा पाच वस्तू खाल्ल्या तर २ ग्रॅम झालं, जे डब्ल्यूएचओच्या दिवसाच्या मर्यादेला जवळजवळ भिडतं, आणि पाचही पाकिटांवर लिहिलेलं असतं ०. खरं कळायचं ते घटकांच्या यादीत, पार्शली हायड्रोजनेटेड ऑईल हे तीन शब्द दिसले की. शेवटी लेबलने प्रश्न सुटत नाही हे मान्य करून २०१५ मध्ये त्या तेलाची सुरक्षित म्हणून असलेली मान्यताच काढली आणि २०१८ पासून ते बहुतेक सगळीकडून गेलं. म्हणून मला १०० ग्रॅमचा कॉलम सक्तीचा असलेले देश आवडतात. सर्विंग कंपनीला लहान-मोठी करता येते, १०० ग्रॅम १०० ग्रॅमच असतात. (अमेरिकेची बाजू घ्यायची तर २०१६ मध्ये त्यांनी सर्विंग सुधारली, आईस्क्रीमची अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कप केली कारण माणसं तेवढं खातात. अर्थात दोन तृतीयांशवर थांबणारा माणूस मला अजून भेटायचाय.)

तुलनेचे क्लेम वेगळे. २५ टक्के कमी मीठ, ३० टक्के कमी साखर. कोडेक्समध्ये निदान २५ टक्के फरक लागतो, युरोपात साधारण ३०, मिठाला २५. कशापेक्षा कमी तेही लिहावं लागतं, तेच ते चांदणीचं काम. पण कशापेक्षा कमी याने काय साधतं, मूळ वस्तूच खारट असेल तर? लेस सोडियम सोया सॉस घ्या, नेहमीच्यापेक्षा बराच कमी असतो, कबूल, पण तरी एका मोठ्या चमच्यात पाचशे-सहाशे मिलिग्रॅम सोडियम येतं आणि दिवसाची मर्यादा आहे २०००. कमी आणि कमी केलेलं हे दोन वेगळे क्लेम आहेत, एकाला रेषा आहे आणि दुसऱ्याला नुसता मोठा भाऊ आहे. आणि सोडियमला अडीचने गुणलं की मीठ येतं, हे पाठ करून ठेवा, कारण काही देश सोडियम छापतात आणि युरोप मीठ छापतो, दोन पाकिटं शेजारी ठेवून तुलना केलीत तर उगाच एक बिचारं बदनाम होईल.

यादीबद्दल थोडं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे हा नियम जवळपास सगळीकडे आहे आणि माझ्या मते पाकिटावरची सगळ्यात प्रामाणिक जागा तीच. तिथेही खेळ आहे, साखर एकाच नावाने घातली तर पहिल्या नंबरवर येईल म्हणून थोडी साखर, थोडं ग्लुकोज सिरप, थोडा मध, थोडं फळाचं कॉन्सन्ट्रेट, अशी चार तुकड्यांत घातली की प्रत्येक तुकडा खाली सरकतो आणि पहिल्या जागेवर ओट्स दिमाखात बसतात. पण वाचता येतं निदान, कुणी लपवलेलं नसतं.

फळांच्या चित्रांचं काय ते विचारू नका. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात २०१४ मध्ये एक केस झाली, डाळिंबाचा रस विकणारी पॉम वंडरफुल विरुद्ध कोका-कोला. कोका-कोलाच्या मिनिट मेडच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात पॉमेग्रॅनेट ब्लूबेरी, आत डाळिंबाचा रस ०.३ टक्के, ब्लूबेरीचा ०.२ टक्के, आणि ९९ टक्क्यांहून जास्त सफरचंद आणि द्राक्ष. कंपनीचं म्हणणं की एफडीएच्या नियमाने असं नाव देता येतं, आणि नियमाने खरंच देता येत होतं. कोर्टाने एकमताने सांगितलं की लेबल नियमात बसलं म्हणून प्रतिस्पर्ध्याला दिशाभुलीचा दावा लावता येणार नाही असं नाही. आम्हा लेबलवाल्यांसाठी हे फार मोठं वाक्य होतं, नियमात बसलं की सुटलो हा समजच गेला. आता ऐका पुढचं, दावा चालला आणि २०१६ मध्ये ज्युरीने निकाल कोका-कोलाच्या बाजूने दिला. युरोपात यावर सरळ उपाय आहे, ज्या घटकाचं नाव किंवा चित्र पुढे मिरवायचं त्याची टक्केवारी लिहायची. ०.३ टक्के लिहायची वेळ आली की डाळिंबाचं चित्र आपोआप लहान होतं. भारतातही जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या अन्न नियामकाने, कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी घालून बनवलेल्या ज्यूसवरून शंभर टक्के फळांचा रस हा क्लेम काढायला लावला, उशिरा का होईना पण बरं केलं.

मला मात्र सगळ्यात आवडते ती न्यूझीलंडची गोष्ट. २००४ मध्ये दोन शाळकरी मुलींनी शाळेच्या प्रयोगासाठी ज्यूसमधलं व्हिटॅमिन सी मोजलं. रिबेना या ब्लॅककरंटच्या ज्यूसची जाहिरात अशी की त्यातल्या ब्लॅककरंटमध्ये संत्र्याच्या चौपट व्हिटॅमिन सी असतं. मुलींच्या प्रयोगात तयार ज्यूसमध्ये ते जवळपास सापडेचना. कंपनीला विचारलं तर त्यांनी दाद दिली नाही, मुली चिकाटीच्या, प्रकरण कॉमर्स कमिशनकडे गेलं, आणि २००७ मध्ये रिबेनावाल्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने कोर्टात १५ आरोप मान्य करून २,१७,५०० न्यूझीलंड डॉलरचा दंड भरला. तयार ज्यूसच्या पाकिटावर छापलेला व्हिटॅमिन सीचा आकडा तर चुकीचाच होता. पण ते चौपटवालं वाक्य परत वाचा. ब्लॅककरंट या फळात संत्र्याच्या कितीतरी पट व्हिटॅमिन सी असतंच की! वाक्य फळाबद्दल खरं, आणि विकत होते ज्यूस. हे वाक्य माझ्या टेबलावर आलं असतं तर शब्दाला शब्द लावून कुणालाही पास करता आलं असतं, आणि म्हणूनच ते मी नवीन येणाऱ्या पोरांना आधी वाचायला देते.

आरोग्याच्या क्लेमवर युरोपने जे केलं ते मात्र अचाट होतं. सगळ्या सदस्य देशांकडून क्लेम मागवले तर जवळपास ४४,००० आले. सारखे सारखे एकत्र करून साडेचार हजारांच्या आसपास राहिले, ते शास्त्रज्ञांच्या पॅनेलने एकेक करून तपासले आणि २०१२ मध्ये मंजूर यादी आली, २२२ क्लेम. बाकीचे पुराव्याअभावी गेले, वनस्पतींचे तर बाजूला काढून ठेवले ते अजून तसेच पडून आहेत. मधल्या काळात एक तमाशा झाला, पाणी प्यायल्याने डीहायड्रेशनचा धोका कमी होतो हा क्लेम नाकारला गेला आणि २०११ मध्ये ब्रिटिश पेपरांनी युरोपला पाण्याचंही वावडं म्हणून यथेच्छ टिंगल केली. कारण तांत्रिक होतं, तो अर्ज रोगाचा धोका कमी करणाऱ्या क्लेमच्या खिडकीवर केलेला होता आणि तिथे रोगाला कारणीभूत होणारा घटक दाखवावा लागतो, शरीरातलं पाणी कमी होणं हा घटक नाही, तोच तो आजार. पाण्याचा दुसरा, साधा क्लेम मंजूर यादीत आहेच.

पण मंजूर यादी आली म्हणून खेळ संपला असं कुठे आहे? व्हिटॅमिन सी रोगप्रतिकारशक्तीच्या सामान्य कार्याला हातभार लावतं, हे वाक्य मंजूर आहे. अट काय, तर रोजच्या ८० मिलिग्रॅमच्या १५ टक्के, म्हणजे १०० ग्रॅममध्ये १२ मिलिग्रॅम, पेयात तर ६ च पुरतात. व्हिटॅमिन सीची पावडर स्वस्त असते. गोड पाण्यात चिमूटभर टाकली की पुढच्या बाजूवर ढालीचं चित्र काढायचा परवाना मिळाला. निदान अमेरिकेत २००९ मध्ये एफडीएने चीरिओजला पत्र पाठवून सांगितलं होतं की ओट्स आणि हृदयविकाराचा क्लेम मंजूर शब्दांत करा, पण ६ आठवड्यांत कोलेस्टेरॉल ४ टक्के कमी होतं असं लिहिलंत तर आम्ही तुमचं सीरियल औषध समजू.

एवढं सगळं झाल्यावर काही देशांनी वेगळाच विचार केला, की कंपनीचं वाक्य तपासत बसण्यापेक्षा पुढच्या बाजूवर आपणच बोलावं. चिलीने २०१६ च्या जूनपासून काळे अष्टकोन आणले, साखर जास्त, मीठ जास्त, सॅच्युरेटेड फॅट जास्त, कॅलरी जास्त. टप्प्याटप्प्याने कडक करत शेवटी घन पदार्थाला १०० ग्रॅममागे साखर १० ग्रॅम, सोडियम ४०० मिलिग्रॅम अशी रेषा ठेवली, आणि ज्यावर अष्टकोन आला त्यावर कार्टून छापायला बंदी. केलॉग्जच्या सीरियलवरचा कार्टून टोनी वाघ तिथल्या खोक्यावरून गेला. जाहिरातीचे नियम आणि अष्टकोन दोन्ही मिळून पहिल्या टप्प्यात अष्टकोनवाल्या पेयांची खरेदी जवळपास पाव हिश्शाने कमी झाली. कंपन्यांनी मग साखर काढून स्वीटनर घातले, तर मेक्सिकोने २०२० मध्ये आपल्या अष्टकोनांबरोबर आणखी एक पट्टी आणली, यात स्वीटनर आहेत, लहान मुलांना देऊ नका. मला ही पद्धत पटते, कारण तिच्यात वाटाघाटीला फार जागा नाही.

गुण आणि तारे देणाऱ्या पद्धती मला तेवढ्या पटत नाहीत. फ्रान्सचं २०१७ चं न्यूट्री-स्कोअर, ए ते ई, कल्पना चांगली आहे पण वाईटातून चांगलं वजा करायचं गणित आलं की फायबर घालून साखर फेडता येते, परत तेच बिस्कीट. ऑस्ट्रेलियाच्या हेल्थ स्टारमध्ये नेस्लेच्या मायलो पावडरला साडेचार तारे होते, कारण हिशेब स्किम मिल्कमध्ये घालून केलेला, नुसत्या पावडरला दीड तारा पडला असता. लोक भडकले आणि २०१८ मध्ये कंपनीने तारे काढून टाकले. २०२२ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टात केलॉग्जने तोच युक्तिवाद केला, आमचं सीरियल दुधाबरोबर मोजा, कोरडं कोण खातं? कोर्टाने ऐकलं नाही. दुसऱ्याच्या दुधावर आपले मार्क वाढवायची ही सवय जुनी आहे.

अ‍ॅलर्जीवर स्वतंत्र लिहायला हवं पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत २०२३ पासून तीळ हा नववा सक्तीचा अ‍ॅलर्जन झाला. हेतू काय, तर तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना सुरक्षित पाव मिळावा. झालं असं की बेकरीची लाईन तिळापासून पूर्ण साफ ठेवणं अवघड, म्हणून काही बेकऱ्यांनी पावात थोडं तिळाचं पीठ मुद्दाम घातलं आणि यादीत तीळ लिहून मोकळे झाले. नियम पाळला गेला आणि ज्यांच्यासाठी केला त्यांचा नेहमीचा पाव गेला.

सध्या माझ्या टेबलावर कॅनडाच्या फायली आहेत. तिथे १ जानेवारी २०२६ पासून पुढच्या बाजूवर काळ्या-पांढऱ्या चौकटीत भिंगाचं चिन्ह आलंय, सॅच्युरेटेड फॅट, साखर किंवा सोडियम जास्त असेल तर, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत. बहुतेक वस्तूंना दिवसाच्या प्रमाणाच्या १५ टक्के ही रेषा, लहान सर्विंगच्या वस्तूंना १०. आणि ते चिन्ह साधारणपणे पाकिटाच्या वरच्या अर्ध्या भागात लागतं. वरच्या अर्ध्या भागात म्हणजे आमच्या एका बिस्किटावर जिथे हाय फायबरचा हिरवा गोळा आहे नेमकं तिथेच. डिझायनर म्हणतोय गोळा खाली घेऊ, मार्केटिंग म्हणतंय गोळा हलणार नाही, आणि रेसिपीवाल्यांना विचारलंय की साखर रेषेच्या खाली आणता येते का, त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.